मंडई ते सॅन फ्रान्सिस्को : अंतराचा आणि काळाचा हिशेब

महात्मा फुले मंडईच्या सभोवार पसरलेल्या पेठांतून, ज्यांची मुलेबाळे समुद्रापार जाऊन स्थायिक झाली आहेत अशा घरांची संख्या गेल्या तीन-चार दशकांत इतकी वाढली आहे की, पूर्वी ज्या सहजतेने मुंबईच्या गाडीची वेळ विचारली जात असे त्याच सहजतेने आता ‘अमेरिका किती लांब, आणि तिथे पोचायला किती तास लागतात?’ असे दोन प्रश्न एका दमात विचारले जातात. प्रश्न जोडीने येतात म्हणून त्यांची जातही एकच असावी, आणि एकाचे उत्तर हाती आले की दुसऱ्याचे त्रैराशिकाने काढता यावे, असा समज त्यामुळे रूढ झाला आहे. वस्तुतः दोन विमानतळांमधील अंतर ही भूमितीने एकदाच ठरवून दिलेली राशी आहे. ऋतुमानाने, राजकारणाने अथवा मनुष्याच्या सोयीगैरसोयीने तिच्यात तिळमात्र फरक पडत नाही. प्रवासाचा काळ मात्र वाऱ्यावर, सरहद्दींवर, धावपट्टीच्या लांबीवर आणि सरतेशेवटी पुण्यापासून मुंबईपर्यंतच्या रस्त्यावर अवलंबून असतो. या सर्वांचा एकत्र आढावा घेतला असता पुणेकराच्या पदरी जे अनुमान पडते ते असे की, गेल्या साठ वर्षांत आकाशातील वेग वाढलेला नाही. जो काळ वाचला तो वाटेतले मुक्काम गाळल्यामुळे वाचला, आणि यापुढे जो वाचायचा तो बहुतांशी जमिनीवरच वाचायचा आहे.

प्रथम अंतराचा विचार करू. शाळेच्या भिंतीवरील जगाच्या नकाशावर पुणे आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये पट्टी ठेवली तर वाट अरबी समुद्र, आफ्रिकेचा उत्तरभाग, अटलांटिक महासागर आणि नंतर अमेरिकेचा संपूर्ण भूखंड ओलांडून जाते असे दिसते; परंतु गोल पृथ्वी सपाट कागदावर पसरताना झालेल्या ओढाताणीमुळे निर्माण झालेला हा निव्वळ दृष्टिभ्रम होय. मंडईतून एखादे वाटोळे पपनस आणून त्यावर दोन ठिकाणी टाचण्या रोवाव्यात आणि त्यांच्यामध्ये दोरा ताणून धरावा. दोरा ज्या रेषेवर आपसूक स्थिर होतो ती त्या दोन बिंदूंमधील अल्पतम वाट, आणि भूमितिज्ञांच्या परिभाषेत तेच बृहद्वृत्त. लोहगावचा विमानतळ १८ अंश ३५ कला उत्तर अक्षांशावर आणि ७३ अंश ५५ कला पूर्व रेखांशावर आहे. सॅन फ्रान्सिस्कोचा ३७ अंश ३७ कला उत्तर अक्षांशावर आणि १२२ अंश २३ कला पश्चिम रेखांशावर. गोलीय त्रिकोणमितीने हिशेब केल्यास पृथ्वीच्या मध्यबिंदूपाशी या दोन स्थळांमध्ये सुमारे पावणे-एकशेबावीस अंशांचा कोन होतो, आणि एका अंशास १११ किलोमीटरांहून किंचित अधिक हे प्रमाण धरल्यास अंतर साडेतेरा हजार किलोमीटरांच्या आसपास निघते. विशेष लक्षात घेण्यासारखी गोष्ट दिशेची आहे. ही वाट पुण्यातून पश्चिमेस जात नाही आणि पूर्वेसही जात नाही. उत्तरेपासून जेमतेम पंधरा अंश पूर्वेला कललेली अशी ती निघते, हिमालय व मध्य आशिया ओलांडून सायबेरियात शिरते, ७५ अंश अक्षांशाच्याही पलीकडे आर्क्टिक समुद्रावर जाऊन तेथून वळते आणि अलास्काच्या बाजूने कॅलिफोर्नियात उतरते. न्यू यॉर्कची वाटही अशीच उत्तरेची आहे. ती उत्तरेपासून पश्चिमेकडे सुमारे सव्वीस अंश कलते आणि पाकिस्तान, अफगाणिस्तान, मध्य आशिया, रशिया अशा क्रमाने ६५ अंश अक्षांशापर्यंत चढत जाते. या दोन वाटा कोणकोणत्या मुलखांवरून जातात हे वाचकाने मनात ठेवावे, कारण पुढे सरहद्दींचा प्रश्न येईल तेव्हा याच नावांशी गाठ पडणार आहे.

पृथ्वी हा शुद्ध गोल नाही. विषुववृत्तावरील तिचा व्यास ध्रुवांमधील व्यासापेक्षा सुमारे ४३ किलोमीटरांनी अधिक आहे. त्यामुळे सूक्ष्म गणितात लंबगोलाचे सूत्र वापरावे लागते, परंतु त्याने पडणारा फरक अर्ध्या टक्क्याच्या आतला असून प्रवाशाच्या दृष्टीने तो उपेक्षणीय आहे. लोहगावापासून दुबई सुमारे दोन हजार पन्नास, सिंगापूर तीन हजार आठशे, फ्रांकफुर्ट सहा हजार सातशे, लंडन सात हजार तीनशे आणि न्यू यॉर्क बारा हजार सहाशे किलोमीटर, एवढा तपशील स्मरणात असला म्हणजे पुरे.

अंतरे ही अशी कायमची ठरलेली असता काळ मात्र कसा आकसत गेला हे पाहण्यासाठी मंडईच्या इमारतीइतकेच मागे गेले तरी चालेल. आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि ४ जून रोजी न्यू यॉर्कला उतरल्या. म्हणजे अठ्ठावन्न दिवस त्यांनी पाण्यावर आणि बंदरांत काढले. वैद्यकाची पदवी घेऊन त्या १८८६ च्या अखेरीस परतल्या, तेच साल मंडईची अष्टकोनी इमारत खुली होण्याचे. मुंबईचे तत्कालीन गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव त्या वेळी तिला दिले गेले होते. पुढील फेब्रुवारीत आनंदीबाईंचे पुण्यात निधन झाले. क्षयाने पोखरलेल्या देहाला परतीचा तो दीर्घ जलप्रवास किती जड गेला असेल याचा विचार मनात आला की, प्रवासाचा काळ ही निव्वळ सोयीची बाब नाही, तिच्याशी आयुष्याचेही काही देणे असते, हे पटते.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन जुहूच्या मैदानावर आपले एका इंजिनाचे विमान उतरविले, तेव्हा या देशात हवाई टपालाचा खरा प्रारंभ झाला. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनीव्हा येथे थांबत लंडनला गेले, आणि जो प्रवास सुएझ कालवा खुला झाल्यानंतरही आठवड्यांनी मोजावा लागत असे तो तासांनी मोजण्याच्या कक्षेत आला. १४ मे १९६० रोजी त्याच कंपनीची बोइंग ७०७ विमाने न्यू यॉर्कपर्यंत जाऊ लागली. हे जेटविमान ताशी नऊशे किलोमीटरांच्या घरात उडत असे. आणि आज मुंबईहून अमेरिकेस जाणारे अद्ययावत विमानही ताशी नऊशे किलोमीटरांच्याच घरात उडते. ध्वनीच्या वेगाजवळ जाऊ लागताच हवेचा प्रतिरोध एकाएकी इतका वाढतो की थोडक्या वेगासाठी इंधनाचा अपरिमित व्यय होतो, हे त्याचे कारण. ती मर्यादा ओलांडणारे कॉन्कॉर्ड १९७६ ते २००३ या काळात प्रवाशांना घेऊन उडाले खरे, परंतु त्याच्या मागे उठणाऱ्या गडगडाटामुळे भूप्रदेशावरून त्या वेगाने जाण्यास बहुतेक राष्ट्रांनी मनाई केली आणि इंधनाचा खर्चही परवडेना. तेव्हा १९६० नंतर जी प्रगती झाली ती वेगाची नव्हे, तर पल्ल्याची. १ ऑगस्ट २००७ रोजी एअर इंडियाने मुंबई-न्यू यॉर्क अशी कोठेही न थांबणारी सेवा सुरू केली आणि साडेबारा हजार किलोमीटरांचा हा टप्पा पंधरा-सोळा तासांच्या एका उड्डाणात सामावला. १५ डिसेंबर २०२२ पासून मुंबईहून सॅन फ्रान्सिस्कोलाही तशीच थेट सेवा निघाली. लंडन किंवा फ्रांकफुर्ट येथे विमान बदलण्यात जाणारे चार-पाच तास आणि त्यांतली दगदग एवढेच त्यामुळे वाचले. परंतु भाषा न समजणाऱ्या परक्या विमानतळावर एकट्याने वाट काढणाऱ्या सत्तरीच्या आईवडिलांना ते किती मोलाचे, हे त्यांच्याखेरीज कोणास ठाऊक असणार?

आता वारा. प्रवासाचा काळ एकच का नसतो याचे सर्वांत मोठे नैसर्गिक कारण तेच आहे. विमाने ज्या उंचीवर उडतात त्या दहा-बारा किलोमीटरांच्या थरात मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे अतिवेगवान वायुप्रवाह वाहत असतात. त्यांचा वेग हिवाळ्यात ताशी दोनशे किलोमीटरांच्या पलीकडे सहज जातो, प्रसंगी तीनशेच्याही वर. विमान हवेत पोहत असते आणि ती हवाच जर जमिनीच्या सापेक्ष धावत असेल, तर तिच्याबरोबर जाणाऱ्यास तिचा वेग मिळतो व तिच्याविरुद्ध जाणाऱ्याचा तितका कमी होतो. साडेबारा हजार किलोमीटरांच्या प्रवासात नऊशेच्या वेगाच्या विमानास सर्व वाट सरासरी शंभर किलोमीटर वेगाचा वारा समोरून लागला असे धरले तर सुमारे पंधरा तास चाळीस मिनिटे लागतील आणि परत येताना तोच पाठीशी असल्यास साडेबारा तास. येथे एक बारकावा आहे. जाताना गेलेले येताना भरून निघते असे वाटते, पण तसे होत नाही. वारा नसता तर दोन्ही खेपा मिळून जेवढे तास लागले असते त्याहून या हिशेबात वीस मिनिटे अधिकच लागतात, कारण प्रतिकूल वाऱ्यात विमानाला अधिक काळ राहावे लागते आणि अनुकूल वाऱ्यात कमी. ९ फेब्रुवारी २०२० रोजी अटलांटिकवरील वादळी वाऱ्यांच्या साह्याने ब्रिटिश एअरवेजचे एक विमान न्यू यॉर्कहून लंडनला अवघ्या ४ तास ५६ मिनिटांत पोचले. एरवी याच खेपेस सहा तासांहून अधिक लागतात.

याहूनही बोधप्रद उदाहरण आपल्याच देशातले आहे. एअर इंडियाचे दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान डिसेंबर २०१५ पासून अटलांटिकवरून जात असे आणि ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट दिशेने, म्हणजे पूर्वेकडे पॅसिफिकवरून, पाठविण्यात आले. ही वाट १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे चौदाशे किलोमीटरांनी लांब. तथापि पश्चिमवाऱ्यांचे पाठबळ लाभल्यामुळे प्रवास साडेचौदा तासांत आटोपला आणि जवळजवळ दोन तास वाचले. अंतर वाढले आणि काळ घटला! अंतरावरून काळ काढू पाहणाऱ्या त्रैराशिकाचा इतका स्पष्ट निषेध दुसरा सापडणार नाही.

या विषयात पुणे परके नाही, ही गोष्ट येथे नमूद करावीशी वाटते. १९२८ साली हवामानखात्याची मुख्य कचेरी शिमल्याहून पुण्यास आली, आणि शिवाजीनगरची ती दगडी इमारत अद्यापि ‘सिमला ऑफिस’ याच नावाने ओळखली जाते; पुढे १९६२ साली उष्णदेशीय हवामानशास्त्राची स्वतंत्र संस्थाही याच शहरात स्थापन झाली. वरच्या थरांतील वाऱ्यांचे मोजमाप करण्यासाठी फुगे सोडणे, त्यांची उपकरणे घडविणे, नोंदी दफ्तरी ठेवणे हे काम या शहरात पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. पी. कोटेश्वरम् या भारतीय शास्त्रज्ञाने १९५८ मध्ये मान्सूनच्या काळात दक्षिण भारतावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणाऱ्या उच्चस्तरीय प्रवाहाचे जे विवरण केले, त्यामुळे आपल्याकडे पावसाळ्यात वरच्या वाऱ्याचा कल उलटा असतो हे जगाच्या निदर्शनास आले. दिवसाकाठी शेकडो विमानांचे मार्ग आता या अशाच निरीक्षणांच्या आधारे आखले जातात, आणि दोन विमानतळांमधील वाट आज एक तर उद्या दुसरी असते.

निसर्गाच्या या अनिश्चिततेत मनुष्याने सरहद्दींची भर घातली आहे. आकाशाला कुंपण नाही असे आपण म्हणतो. कायद्याने मात्र प्रत्येक राष्ट्राचा अंमल त्याच्या भूमीवरील हवेतही चालतो, आणि तेथून जाण्यास परवाना लागतो, शुल्क भरावे लागते. २७ फेब्रुवारी २०१९ पासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले, तेव्हा उत्तर भारतातून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना गुजरातच्या बाजूने समुद्रावर उतरून वळसा घ्यावा लागला. २४ एप्रिल २०२५ पासून भारतीय विमानांना ती बंदी पुन्हा लागू झाली, आणि दिल्लीहून अमेरिकेस जाणाऱ्या काही विमानांवर युरोपात इंधनासाठी थांबण्याची पाळी आली; थेट सेवेने जे मिळविले होते ते अशा रीतीने एका फर्मानासरशी अंशतः हिरावले गेले. मुंबई दक्षिणेस आणि समुद्रकाठी असल्यामुळे तिला हा फटका तुलनेने कमी बसला, परंतु तिची पश्चिमेची वाट इराण-इराकवरून जात असल्याने तेथील युद्धाची झळ तिला लागतेच. १३ जून २०२५ रोजी मुंबईहून लंडनला निघालेले एक विमान काही तास आकाशात राहून मुंबईलाच परत आले, कारण पुढचे आकाश मध्येच बंद झाले होते. त्या प्रवाशांनी ओलांडलेले अंतर बरेच होते. मुंबई-लंडन यांमधले मात्र शून्य!

रशियाची कथा वेगळी आहे. २०२२ पासून अमेरिकी व युरोपीय विमानांना रशियाच्या आकाशातून जाता येत नाही. भारतीय विमानांना जाता येते. पुणे-सॅन फ्रान्सिस्को ही बृहद्वृत्ताची वाट सायबेरियावरून जाते हे वर आलेच आहे. तेव्हा त्याच दोन शहरांमध्ये एका देशाच्या विमानाला जी वाट मोकळी ती दुसऱ्याला बंद, आणि त्यामुळे तिकिटावर छापलेले तासही वेगळे, अशी स्थिती निर्माण झाली आहे. पण मोकळ्या वाटेलाही तिचे दायित्व असते. दोन इंजिनांच्या विमानाचे एक इंजिन बंद पडल्यास ठरावीक मुदतीत उतरता येईल असा विमानतळ टप्प्यात ठेवूनच त्याने गेले पाहिजे असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे. ६ जून २०२३ रोजी दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेले विमान इंजिनातील दोषामुळे रशियाच्या अतिपूर्वेकडील मगदान या गावी उतरले आणि दोनशेहून अधिक प्रवाशांना दुसरे विमान येईपर्यंत तेथे वसतिगृहातून व शाळेतून राहावे लागले. ९ जानेवारी २०२१ रोजी कॅप्टन झोया अगरवाल यांच्या नेतृत्वाखाली सर्व महिला वैमानिकांनी सॅन फ्रान्सिस्कोहून बंगळूरकडे उत्तर ध्रुवावरून विमान आणले, तेव्हा त्या कामगिरीचे जे कौतुक झाले ते केवळ नवलापोटी नव्हते. ज्या प्रदेशात उतरण्याजोगी ठिकाणे विरळ आणि थंडी इतकी की टाकीतील इंधनाच्या तापमानावर सतत नजर ठेवावी लागते, त्या प्रदेशावरून सुमारे चौदा हजार किलोमीटरांचा पल्ला गाठण्याचे ते कौशल्य होते.

त्याच उड्डाणाचा आधार घेऊन घड्याळाचा गुंता सोडविता येतो. विमान ९ जानेवारीच्या रात्री साडेआठ वाजता निघाले आणि ११ तारखेच्या पहाटे पावणेचार वाजता पोचले. बोटांवर मोजले तर सव्वाएकतीस तास होतात. त्यांतून हिवाळ्यातील साडेतेरा तासांचे कालांतर वजा केले म्हणजे पावणे-अठरा तास उरतात आणि तोच खरा काळ. उलटपक्षी, समजा उन्हाळ्यात मुंबईहून मध्यरात्रीनंतर दीड वाजता निघालेले विमान न्यू यॉर्कला त्याच दिवशी सकाळी सात वाजता उतरले, तर तिकीट पाहणाऱ्या आजीला प्रवास साडेपाच तासांचा वाटतो. त्यात साडेनऊ तास मिळविले की पंधरा होतात. मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत अमेरिकेतील घड्याळे तासभर पुढे असतात, म्हणून हे कालांतरही वर्षातून दोनदा बदलते. आपल्या ज्योतिर्विदांनी उज्जयिनीच्या मध्यरेषेपासून देशांतराचा संस्कार फार पूर्वीपासून केला आहे, आणि १ जानेवारी १९०६ पासून साडेब्याऐंशी अंशांच्या रेषेवरील प्रमाणवेळ देशात लागू झाल्यानंतरही मुंबईने आपली स्वतंत्र वेळ १९५५ पर्यंत जपली होती. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना दोन घड्याळांचा हिशेब नवा नव्हता. छापील वेळापत्रकातील कालावधी हा विमान आपल्या जागेवरून हलल्यापासून दुसऱ्या जागी थांबेपर्यंतचा असतो, एवढे आणखी सांगितले पाहिजे. त्यात धावपट्टीपर्यंत रांगेत जाणे येते आणि संभाव्य विलंबाची तजवीजही केलेली असते. मुंबईसारख्या ठिकाणी, जिथे एका वेळी एकाच धावपट्टीवरून तासाला चाळीसहून अधिक विमानांची ये-जा चालते, ही तजवीज अपरिहार्यच आहे.

येथवरचा विचार सर्वांना सामाईक आहे. पुण्याचा प्रश्न यापुढे सुरू होतो. लोहगावचा विमानतळ १९३९ साली ब्रिटिश हवाई दलासाठी उभारला गेला आणि आजही तो मूलतः भारतीय हवाई दलाचा तळ आहे. त्याची धावपट्टी सुमारे २,५३५ मीटर लांब असून समुद्रसपाटीपासून तो ५९२ मीटर उंचीवर आहे. हे दोन आकडे एकत्र वाचले पाहिजेत. उंचीवरील हवा विरळ असते आणि चैत्र-वैशाखाच्या उन्हाने ती आणखी विरळ होते. विरळ हवेत पंखांना उचल कमी मिळते व इंजिनांचा जोरही घटतो, म्हणून उड्डाणापूर्वी अधिक लांब धावावे लागते. न्यू यॉर्कला थेट जाणाऱ्या विमानाचे उड्डाणसमयीचे वजन तीनशे टनांच्या घरात असते आणि त्यातला फार मोठा हिस्सा इंधनाचा असतो. कारण शेवटच्या तासाला लागणारे इंधन पहिल्या तासापासून वाहून न्यावे लागते, आणि ते वाहण्यासाठी पुन्हा आणखी इंधन जाळावे लागते. एवढे वजन लोहगावच्या पट्टीवरून उचलणे शक्य नाही. २००८ साली लुफ्तांझा कंपनीने पुणे-फ्रांकफुर्ट सेवा सुरू केली, ती यामुळेच लहान जातीच्या विमानाने. काही वर्षे ती चालली आणि पुढे बंद पडली. १० मार्च २०२४ रोजी नव्या टर्मिनलचे उद्घाटन झाले आणि त्याच वर्षीच्या जुलैत ते वापरात आले. इमारत प्रशस्त झाली, पट्टी मात्र होती तेवढीच आहे. दुबई, सिंगापूर, बँकॉक येथपर्यंत पुणेकराला घराजवळून जाता येते, त्यापलीकडे त्याला मुंबई किंवा दिल्ली गाठावीच लागते.

तेव्हा मंडईतून सॅन फ्रान्सिस्कोला निघालेल्या कुटुंबाचा हिशेब मांडून पाहू. लोहगाव आणि मुंबईचे सहार या दोन विमानतळांमध्ये सरळ रेषेत १२४ किलोमीटर अंतर आहे आणि विमानाला ते पाऊण तासाचेही नाही. प्रत्यक्षात सामानाच्या चार-पाच बॅगा घेऊन हे कुटुंब मोटारीने द्रुतगती मार्गाने जाते. घाट, पथकराची नाकी आणि मुंबईच्या उपनगरांतील गर्दी धरून साडेतीन ते पाच तास हाताशी ठेवावे लागतात, आणि घाटात कोंडी झाल्यास विमान चुकेल या धास्तीने बहुतेक जण त्याहूनही आधी निघतात. विमानतळावर तीन तास आधी पोचण्याचा दंडक आहे. पलीकडे उतरल्यावर पारपत्राच्या तपासणीसाठी आणि सामानासाठी एक-दोन तास जातात. सोळा-सतरा तासांच्या उड्डाणाला असे आठ-नऊ तास जमिनीवरचे चिकटतात. म्हणजे घरापासून घरापर्यंतच्या काळाचा एकतृतीयांश भाग एकूण अंतराच्या एक-दीड टक्क्यापायी खर्च होतो. विमानाचा वेग शंभर किलोमीटरांनी वाढला तरी जेमतेम पावणेदोन तास वाचतील. तितकेच तास पुणे-मुंबई वाटेत वाचविणे हे पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही नियमाआड येत नाही. माझ्या मते विमानप्रवासाच्या काळाविषयी पुण्यात जी चर्चा व्हायला हवी ती हीच होय. २९ सप्टेंबर २०२४ रोजी मंडईचे भुयारी मेट्रो स्थानक सुरू झाले आणि तेथून दिवाणी न्यायालयाच्या स्थानकावर गाडी बदलून येरवडा-रामवाडीकडे जाता येऊ लागले, ही उत्तम गोष्ट. पण विमानतळाच्या दारापर्यंत ती वाट अजून पोचलेली नाही, आणि वयोवृद्ध प्रवाशाला बॅगांसह शेवटचे चार किलोमीटरच सर्वांत कठीण असतात.

काळाची ही टंचाई माणसांपुरती नाही. मंडईत वैशाखात हापूसच्या पेट्या रचल्या जातात, त्यांचे भाऊबंद त्याच सुमारास विमानाने परदेशी जात असतात. अमेरिकेने दीर्घकाळ बंद ठेवलेली आंब्याची आयात एप्रिल २००७ मध्ये पुन्हा खुली केली, तेव्हा लासलगावच्या केंद्रात विकिरण प्रक्रिया झालेला हापूस तिकडे रवाना झाला; मुंबई-न्यू यॉर्क थेट सेवाही त्याच वर्षीची, हा एक सुखद योग. झाडावरून उतरलेला आंबा दिवसागणिक पिकत असतो, आणि बागेतून वेष्टनगृह, तेथून प्रक्रियाकेंद्र, तेथून विमानतळ असा जो जमिनीवरचा प्रवास आहे त्यात त्याच्या आयुष्यातले जेवढे दिवस जातात त्या मानाने उड्डाणातले तास नगण्य ठरतात. बागाईतदाराच्या नुकसानीचे मूळ आकाशात नाही, रस्त्यावर आणि शीतगृहांच्या तुटवड्यात आहे.

यावर दोन उपाय पुढे आले आहेत. नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि २५ डिसेंबरपासून तेथून विमाने सुटू लागली; द्रुतगती मार्ग संपल्यावर मुंबईच्या उपनगरांतून जाण्याचे टळत असल्यामुळे पुणेकराचा तास-दीड तास तेथे खात्रीने वाचेल, मात्र दूरच्या पल्ल्याच्या सेवा तेथे किती येतात यावर त्याचा उपयोग अवलंबून राहील. दुसरा उपाय पुरंदर तालुक्यातील नियोजित विमानतळाचा. लोहगावच्या पट्टीची अडचण तेथे राहणार नाही, आणि मंडईपासून फार तर दीड तासात विमानापाशी पोचता येईल. परंतु त्यासाठी जी सात गावे निश्चित झाली आहेत, म्हणजे पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी आणि उदाचीवाडी, त्यांतील शेतकऱ्यांनी जमिनी देण्यास वर्षानुवर्षे विरोध केला आहे, आणि तो विरोध समजून घेण्यासाठी मंडईतून बाहेर पाऊलही टाकावे लागत नाही. येथे टोपल्यांतून येणारे अंजीर आणि सीताफळ पुरंदरच्याच मातीतले. पुरंदरच्या अंजिराला तर २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. ज्या महात्म्याचे नाव आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने या मंडईला मिळाले, त्या जोतीराव फुल्यांच्या घराण्याचे खानवडी हे गाव. आणि पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असताना त्यांनी याच मंडईच्या इमारतीवरील भारी खर्चाला, शिक्षणाकडे बोट दाखवून, विरोध केला होता. प्रवाशाचे चार तास वाचावेत असे मला मनापासून वाटते, आणि लोहगावच्या पट्टीवर त्याला इलाज नाही हेही मी जाणतो. परंतु त्या चार तासांची किंमत ज्या बागांतून वसूल व्हायची आहे त्यांच्या मालकांना जमिनीचा केवळ एकरकमी मोबदला न देता विमानतळाच्या उत्पन्नात कायमचा हिस्सा आणि विकसित जमिनीत वाटा मिळाला पाहिजे, त्यांच्या अंजिराला त्याच पट्टीवरून परदेशी जाण्याची सोय प्रथम झाली पाहिजे, आणि हे सर्व भूमिसंपादनाच्या नोटिशीआधी लेखी ठरले पाहिजे.